भिंतीपलीकडून आवाज येत होता तेव्हा तुम्ही काय केलंत? (टाळेबंदी, सोलापूर)

निळी_जाई

आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. परवा पहाटे आलं. ड्रमला पाईप लावून उभी होते, तर समोरून ती आली. आमची जुनी शेजारीण. आता आईकडे असते, कसल्याशा कागदासाठी आली होती. बरोबर पोरगी, पाचवीत गेलेली. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग पाईपकडे बघत ती म्हणाली, “ताई, तेव्हा तुम्हाला आमच्या घरातलं ऐकू यायचं ना?”

मी “हो” म्हटलं. खोटं बोलायला जीभ रेटली नाही.

तेव्हा म्हणजे २०२० चा एप्रिल. आमची तिची भिंत एक. तिचा नवरा यंत्रमागावर. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला लूम थांबले ते थांबलेच. आधी भांडण व्हायचं ते आठवड्याचा पगार मिळाल्याच्या रात्री, तास-दीड तास. आता माणूस चोवीस तास घरात, आणि घर म्हणजे दीड खोली. रोज सकाळी नऊला दूरदर्शनवर पौराणिक मालिका लागायची आणि त्यांच्या टीव्हीचा आवाज एकदम वाढायचा. मला वाटायचं, भक्तीनं लावतात. एक दिवस मालिका चालू असतानाच वीज गेली. टीव्ही बंद पडला आणि दुसरा आवाज तेवढा राहिला.

मी हातातली वाटी भिंतीवर आपटली. दोनदा. पलीकडे सगळं गप्प झालं. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला ती दारात आली, पदर गालावर ओढलेला. माझ्याकडे बघून तिनं हातानं ‘नको’ अशी खूण केली. त्यानंतर मी काहीही केलं नाही. आठवड्यामागून आठवडे गेले, मी काहीही केलं नाही.

मला खरंच विचारायचंय. तुम्हाला ऐकू आलं होतं का? काय केलंत? त्यानं फरक पडला का? आणि उद्या पुन्हा सगळ्यांची दारं बंद करायची वेळ आली तर काय करायचं? नुसतं ‘वाईट वाटलं’ लिहू नका, ते मलाही वाटलंय.

बाळे_स्टेशन

‘आमच्याकडे असं काही नव्हतं’ असं लिहायला घेतलं होतं. मग खालच्या मजल्यावरची वहिनी आठवली. सगळी बिल्डिंग संध्याकाळी गच्चीवर यायची, पोरं पतंग उडवायची. ती एकदाही आली नाही. कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

विडीकामगाराची_लेक

जाईताई, मी कुंभारीच्या गोदुताई परुळेकर घरकुलात वाढले. अम्मा तीस वर्षं विड्या वळायची. बाहेरच्यांना वाटतं, विडी म्हणजे घरबसल्या काम. पण रोज एकदा ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या केंद्रावर, जावंच लागतं. तयार विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घ्यायचा, छाट (नापास विड्या) किती निघाली यावर वाद घालायचा. रांगेत तास-दीड तास जायचा. त्या तासाला घरात कुणी ‘कुठं होतीस’ विचारत नसे, कारण ती पैसे घेऊन येणार असायची.

आमच्या भागातल्या बायकांचं जे काही बोलणं व्हायचं ते तिथं. एक बाई नुसती बाही वर करायची, बाकीच्या बघायच्या. मग ठरायचं, आज हिला एकटीला घरी पाठवायचं नाही. अम्मा दोन वेळा अशा बाईला आमच्या घरी घेऊन आली होती. रात्री आमच्यात झोपली, सकाळी तिचा भाऊ येऊन घेऊन गेला. पोलीस नाही, संस्था नाही, कागद नाही.

मार्चमध्ये कारखाने बंद झाले, ब्रँच बंद. नंतर पूर्व भागात पेशंट वाढत गेले तसे पत्रे लागले, आणि गल्लीतून गल्लीत जाता येईना. बाईची मजुरी गेली, त्याहून जास्त म्हणजे तो एक तास गेला. अम्मा मांडीवर रिकामं सूप घेऊन बसायची, सवयीनं. म्हणायची, “सगळ्या कशा असतील गं?” त्यातल्या निम्म्या बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता. घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात. तिनं हेल्पलाइनला कुठून लावायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बाई सुटते ती नंबरामुळे कमी, आणि बाहेर पडायच्या निमित्तामुळे जास्त. नळ, गिरणी, ब्रँच, शुक्रवारचं देऊळ, माहेर. टाळेबंदीनं ही सगळी निमित्तं एका रात्रीत काढून घेतली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही की आपण काय बंद केलंय.

चिमणी_पाटी

“रिकामं सूप” वाचून काही वेळ पुढं वाचता आलं नाही.

जुळे_सोलापूर

विषय गंभीर आहे, मान्य. पण दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. त्या काळात पुरुषांची काय अवस्था होती? माग बंद, उचल फेडायची, मुकादम फोन उचलत नाही, घरात खाणारी सहा तोंडं, वर मरणाची भीती. सिव्हिलमधून रोज आकडे येत होते. असा माणूस चिडतो. शिवाय दुकानं बंद असल्यानं दारू मिळत नव्हती, त्यामुळे आमच्या चाळीत उलट शांतता होती. सगळ्याला ‘हिंसाचार’ म्हणून मोकळं होऊ नये.

काटेरी_बोर

दादा, तुमचंही काम गेलं होतं ना? तुम्ही मारलंत का?

जुळे_सोलापूर

नाही.

काटेरी_बोर

मग ताणामुळे मारलं असं म्हणता येत नाही. तो माणूस मुकादमावर चिडला होता ना? मुकादमाला एक चापट तरी मारली का त्यानं? ज्याला मारलं तर काही होणार नाही त्यालाच मारलं. आणि दारूचं म्हणाल, तर आमच्याकडे दारू बंद झाली तेव्हा दारू नाही म्हणून मार बसला, मेच्या पहिल्या आठवड्यात दुकानं उघडायला लागली तेव्हा मिळाली म्हणून बसला. माझी आत्या. दोन्ही महिने मी त्याच घरात अडकले होते, म्हणून ऐकीव सांगत नाही.

वकीलतात्या

दोन्ही बाजूंनी आठवणी येतायत, जरा आकडेही मांडतो.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात ५८७ तक्रारी आल्या, त्यातल्या २३९ घरगुती हिंसाचाराच्या. त्याआधीच्या तेवढ्याच दिवसांत अशा तक्रारी १२३ होत्या. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि त्याही टपाल विस्कळीत असताना. १० एप्रिलला आयोगानं व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला, तोही याचसाठी की बाईला बोलता येत नाही, पण चोरून चार अक्षरं टाइप करता येतात.

आता दुसरा आकडा, जो मला जास्त छळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी २५ टक्क्यांच्या वर स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. पण महाराष्ट्रातलं ते सर्वेक्षण टाळेबंदीच्या आधी उरकलं होतं. म्हणजे दारं बंद झाली तेव्हाच चारांतली एक बाई मारणाऱ्या माणसाबरोबर कोंडली गेली होती. ‘जुळे’ यांनी हे ध्यानात घ्यावं. करोनानं मारणारे नव्यानं तयार केले नाहीत, त्यांना फक्त एकांत मिळवून दिला. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही की कुणाला सांगितलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर २००५ चा घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा चांगला आहे. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख, साठ दिवसांत निकाल, असं त्यात लिहिलेलं आहे. टाळेबंदीत कोर्टं फक्त तातडीची कामं घेत होती, आणि बाईची तातडी कुणाला तातडी वाटत नव्हती. माझ्याकडे एक बाई आली होती, त्या आधी ज्या कार्यालयात गेल्या तिथल्या माणसानं त्यांना दारातूनच सांगितलं, “ताई, आधी रोग जाऊ द्या, मग बघू.” रोग जायला दोन वर्षं लागली.

जुळे_सोलापूर

तात्या, टाळेबंदीच्या आधीच चारांत एक, हे मला माहीत नव्हतं. आमच्या चाळीत चोवीस बिऱ्हाडं होती. मी शांतता म्हणालो, ती कशाची होती आता सांगता येत नाही.

रानवेडी

मी आशा कार्यकर्ती. तेव्हा पण होते, आत्ता पण आहे. मोबाईलवर टाइप करायलेय, चुका पोटात घाला.

आम्ही घरोघरी फिरायलो होतो. आधी नुसता कागद, मग टेंपरेचरची गन आणि ऑक्सिमीटर आला. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ सुरू झालं तेव्हा तर एकाच घरी दोन-दोनदा. ताप आहे का, खोकला आहे का, बाहेरगावाहून कोण आलंय का, शुगर-बीपी आहे का. फॉर्मात मार बसतोय का हा रकाना नव्हता. आणि असता तरी सासू दारात, नवरा खाटेवर, काय विचारणार मी?

पण ऑक्सिमीटर लावायला बोट द्यावं लागतं. एका घरी सुनेनं उजवा हात पुढं केला तर मनगट टम्म सुजलेलं, बांगड्या काढलेल्या. मी बोट धरलं तसं तिनं माझं बोट दाबलं. काही बोलली नाही, नुसतं दाबलं. मी मोठ्यानं म्हणाले, “हिचा ऑक्सिजन कमी दाखवायलाय, दवाखान्यात तपासायला न्यावं लागंल.” नवरा असा मागं सरकला की बास. म्हणे घेऊन जा, घेऊन जा. सासू चार हात लांब झाली. ज्या रोगानं तिला कोंडलं होतं त्याच रोगाच्या भीतीनं दार उघडलं. दवाखान्यात नर्सबाईंनी हात बघितला, फोटो काढला, तिच्या भावाला फोन केला.

आमच्यावर पण लोक धावून यायचे ते वेगळंच. एका गल्लीत पाणी फेकलं अंगावर. २२ एप्रिलला अध्यादेश निघाला, आरोग्य कर्मचाऱ्याला मारलं तर पाच वर्षं, जास्त इजा झाली तर सात वर्षांपर्यंत. बरं झालं निघाला. पण मी तेव्हा मनात म्हणायची, बाहेर मला मारलं तर सात वर्षं, आणि घरात हिला मारलं तर रोग जाऊ द्या?

पार्क_चौक

रानवेडीताई, तुम्हाला दंडवत. पण एक शंका मनापासून विचारतो. खोटं रीडिंग सांगणं धोक्याचं नव्हतं का? सगळं घर क्वारंटाइन झालं असतं. लोकांचा आशांवरचा विश्वास उडाला असता.

रानवेडी

फॉर्मात खरं तेच लिहिलं होतं, ९८. तोंडानं कमी सांगितलं. रोज विचार करते त्याचा. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

जुनी_पानं

थोडं मागं जातो, पण विषय सोडत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रानं १३ मार्चपासून लागू केला तो साथरोग कायदा १८९७ चा, अवघ्या चार कलमांचा. तो आला प्लेगच्या वेळी. त्या साथीत पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून बायकांची भर रस्त्यात तपासणी केल्याच्या तक्रारी होत्या, प्लेग कमिशनर रँडविरुद्धच्या संतापात त्यांचा मोठा वाटा होता. पण त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात यावर जाहीर लिहिलं, आणि ती गोष्ट पार विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. पहिल्या गोष्टीवर आपण शाळेत धडे वाचले, दुसरी फारशी कुणाला ठाऊक नाही. सोजिरानं अंगाला हात लावला तर अब्रूचा प्रश्न, इस्पितळात कोण हात लावतो यावर कुणी हाक दिली नाही. आणि त्याच साथीत पेशंटची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७.

एकशे तेवीस वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, केरळात करोना झालेल्या मुलीवर तिला केंद्रात नेणाऱ्या रुग्णवाहिकेच्या चालकानंच बलात्कार केला. बरोबरच्या दुसऱ्या बाईला आधी उतरवलं, आणि रात्री गाडीत चालकाबरोबर ती एकटीच राहिली. साथ आली की बाईला कुणाच्या तरी ताब्यात देतात. ताबा कुणाला दिला याची चौकशी नंतर होते.

चिमणी_पाटी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, गाव लिहीत नाही. धाग्यात बायका आल्या, मुलींचं राहिलं म्हणून लिहिते.

शाळा बंद झाल्यावर आठवी-नववीच्या मुली आमच्या व्हॉट्सअॅप वर्गातून एकेक करून गळायला लागल्या. फोन केला की वडील म्हणायचे, रेंज नाही. नंतर कळायचं, लग्न ठरलंय. हिशोब सरळ होता. पन्नास माणसांत लग्न, मांडव नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही, आणि घरातलं एक खाणारं तोंड कमी. एका बापानं मला सांगितलं, “बाई, इतक्या स्वस्तात पुन्हा कधी होणार?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तो ते करणार होता.

त्या मुलीनं गृहपाठाच्या वहीचा फोटो पाठवला होता. गणिताखाली बारीक अक्षरात तारीख आणि ‘बाई, हळद’ एवढंच. मी १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यांनाही कळवलं. आदल्या दिवशी लोक आले, बापाकडून लिहून घेतलं. ती पुढं दहावी झाली. माझ्या वर्गातल्या दुसऱ्या दोघींची वही मात्र आलीच नाही. त्या दोघींची लग्नं झाली.

बाळे_स्टेशन

‘बाई, हळद’. बापरे.

अक्कलकोटकर

एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं जाहीर केलं होतं, घरात मारहाण करणाऱ्या नवऱ्याला उचलून संस्थात्मक विलगीकरणात ठेवू. तेव्हा लोकांनी मीम केले. मला तो त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटला होता. नेहमी बाईनंच का घर सोडायचं, लेकरं घेऊन, रात्री, गाड्या बंद असताना?

वकीलतात्या

बरोबर. २००५ च्या कायद्यातही ते आहे. कलम १७ म्हणतं, राहत्या घरात राहायचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ बायकांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं तक्रार केली की नवरा थेट तुरुंगात आणि आपण रस्त्यावर.

जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं एप्रिल २०२० मध्ये स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि किराणा दुकानं, औषधाची दुकानं इथं बाईला तक्रार सांगता येईल अशी सोय करा म्हणून सुचवलं. विडीकामगाराची_लेक म्हणतात तेच हे, निमित्त. अशी दुकानं हीच त्या दिवसांत उघडी दारं होती.

हरवलेला_माग

नवीन सभासद आहे. हा धागा बायकोनं वाचायला दिला.

मी मारलंय. २०२० मध्ये, तीनदा. माझाही लूम बंद होता, पण वर काटेरी_बोर यांनी लिहिलंय ते खरं आहे, मी मुकादमाला काही म्हणालो नाही. तिसऱ्या वेळी माझा सहा वर्षांचा मुलगा आमच्या दोघांत येऊन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. देवाला जोडतो तसे. यापुढं लिहिता येत नाही. ती म्हणाली, एवढं तरी लिही.

काटेरी_बोर

लिहिलंत ते वाचलं. माफी तिच्याकडे मागायची आहे, इथं नाही. ती देईल की नाही हे तिचं.

हरवलेला_माग

हो.

निळी_जाई

दोन दिवस सगळं वाचत होते. मी मूळ प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर जिच्याकडे होतं तिलाच विचारलं नव्हतं. काल तिच्या आईकडे गेले. अशोक चौकाच्या पुढं, आत गल्लीत. तिनं बसायला पाट दिला, चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पोरगी शेजारी अभ्यास करत होती म्हणून आम्ही हळू बोललो.

मी वाटीचं विचारलं. ती म्हणाली, “ताई, त्या दिवशी जास्त मारलं. म्हणाला, तू शेजाऱ्यांना सांगितलंस.” मला भीती होती तेच. मग म्हणाली, “तुम्ही वाटी भिंतीवर मारलीत. ती घेऊन दारात आला असतात तर? विरजण मागायला. रोज काहीतरी मागायला. तो दारात कुणी आलं की हसून बोलायचा, बघितलंय की तुम्ही. तेवढ्यात माझ्यावरचा राग टळला असता. तुमच्या हातात मला रेशनकार्ड, पोरीचे आणि माझे कागद देता आले असते.”

कागदांमुळे ती तीन महिने अडकली होती. ब्रँच पुन्हा सुरू झाल्यावर विड्यांच्या टोपलीत, पानाखाली, एकेक कागद ठेवून तिनं मैत्रिणीकडे पोचवला. शेवटी एके दिवशी पान-तंबाखू घ्यायला म्हणून पोरीला घेऊन गेली ती परत आली नाही.

विडीकामगाराची_लेक

टोपलीत पानाखाली. अम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “माझ्या वेळी पण तिथंच ठेवायच्या.”

अक्कलकोटकर

ब्रेकथ्रू संस्थेनं २००८ मध्ये ‘बेल बजाओ’ मोहीम काढली होती ती हीच. आवाज ऐकू आला की बेल वाजवायची, काहीतरी मागायचं. भांडण सोडवायला जायचं नाही, फक्त त्याला कळवायचं की दारात माणूस आहे. आम्ही सोसायटीत हे बोललो होतो, मग करोनात सगळ्यांनी दारावर पाटी लावली, ‘कृपया बेल वाजवू नये’.

पार्क_चौक

मास्क लावून, चार हात लांब उभं राहून विरजण मागता आलं असतं. तेवढं सुचलं नाही कुणाला. मलाही नाही.

भीमाकाठ

धागा वाचतोय तीन दिवस, लिहायचं धाडस आज. साथ नाही, टाळेबंदी नाही, पण माझी धाकटी बहीण बार्शीकडे दिलीय आणि गेल्या महिन्यापासून तिचा फोन नवराच उचलतो. परवा आईशी बोलताना ती रडली. जावं का? गेलो तर तिला जास्त त्रास होईल का? आधी पोलिसांत जावं का?

वकीलतात्या

जा. एकटे जाऊ नका, आईला घ्या, भांडायला गेल्यासारखे जाऊ नका. सणाचं, आजारपणाचं, काहीही निमित्त काढा. तिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलायला मिळायला हवं, ते आई करू शकेल, तुम्ही नाही. तिला काय हवंय ते तिला विचारा, तुम्ही ठरवू नका. निघायचं म्हणाली तर आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचा फोटो, पोरांचे दाखले, दवाखान्याचे कागद, जे हाताला लागेल ते. राहायचं म्हणाली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करायला सांगा, फोनमध्ये सेव्ह नको. जीवावर बेतलं तर ११२. पोलीस ठाण्यातल्या महिला साहाय्य कक्षात किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटनेचा अहवाल भरता येतो, त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. मारल्याची खूण असेल तर आधी सरकारी दवाखान्यात नोंद.

रानवेडी

दादा, तिच्या गावातल्या आशाला गाठा. तिला सगळं माहीत असतंय. ती कुणाच्याही घरात जाऊ शकते.

भीमाकाठ

आता तिला फोन लागला. मागं कुणीतरी होतं, म्हणून ती नुसतं “हो, हो, येताना हरभऱ्याची डाळ आण” एवढंच म्हणाली. तिच्या घरी डाळ पोत्यानं आहे. सकाळच्या एसटीनं आई आणि मी निघतोय.